रोमन खापरीतलं खोबरेल

१

“संपदाताई, रोमन लोकांच्या चीजमध्ये खोबरेल निघालंय,” निवेदिता फोनवर म्हणाली आणि रडायला लागली.

शुक्रवारची संध्याकाळ होती. मी बटाटेवडे तळत होतो आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून मला हसू आवरायला फार कष्ट पडले. संपदाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा कढईत लक्ष घातलं.

मी श्रीनाथ. दिवसभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि उरलेला वेळ संपदाचा नवरा असतो. संपदा एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करते. आग कशी लागली, गाडी कुणी ठोकली, अंगठी खरंच समुद्रात पडली का, हे शोधण्याचा तिला पगार मिळतो. त्यामुळे ऑकलंडमधल्या मराठी मंडळींचं काहीही हरवलं की फोन आमच्याकडे येतो. एकदा तर कुणाचा तरी स्वयंपाकी हरवला होता, पण तो विषय वेगळा.

“हुंदके आवर आणि पहिल्यापासून सांग,” संपदा म्हणाली.

निवेदिता नाशिकची. शिकायला म्हणून आली आणि इथल्याच विद्यापीठात संशोधनाला लागली. जुन्या मडक्यांत काय शिजत होतं हे शोधायचं, हे तिचं काम. दुधातुपाचा अंश मातीच्या भांड्यात मुरतो आणि जमिनीखाली शेकडो वर्षं टिकतो. तुकड्याला बारीक भोक पाडून भुकटी काढली, की यंत्र सांगतं आत काय होतं. इंग्लंडच्या उत्तरेला एका रोमन ठाण्याजवळ भोकाभोकांच्या भांड्याचा तळहाताएवढा तुकडा सापडला होता. हे चीजचं पाणी निथळवायचं भांडं आहे, असं निवेदिताचं म्हणणं. तिथल्या संग्रहालयाने तो उसना पाठवला आणि परवानगी दिली फक्त एकदाच भोक पाडायची.

“भोक पाडून झालं. आज निकाल आला. दुधाचा अंश आहे, पण त्याच्याबरोबर नारळाचं तेल! ढीगभर! रोमन ब्रिटनमध्ये नारळ कुठून येणार? म्हणजे कुणीतरी तुकडा खराब केला. सोमवारी कुरिअर येऊन तो परत घेऊन जाणार. दुसरं भोक पाडता येत नाही. या निकालावर माझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट आहे, ताई. ते गेलं तर रेसिडेन्सीचा अर्जही गेला.”

“तुकडा पेटीतून कधी बाहेर काढला होतास?”

निवेदिता क्षणभर थांबली. “लॅबमध्ये. भोक पाडायला. त्याआधी एकदाही नाही.”

फोन ठेवल्यावर संपदाने एक वडा उचलला आणि म्हणाली, “ही खोटं बोलतेय.”

२

शनिवारी सकाळी आम्ही माउंट रॉस्किल या उपनगरात गेलो. निवेदिता तिथे शकुमावशींच्या घरी एका खोलीत राहते. शकुमावशी मूळच्या मालवणच्या. त्यांचा मुलगा वेलिंग्टनला असतो. त्यांच्याकडे गेलं की निघताना हातात डबा असतोच, म्हणून मी चौकशीला सोबत जायला कधी नाही म्हणत नाही.

दारातच उबदार, गोडसर वास आला. ओव्हनमध्ये मंद आचेवर एक नवं कोरं मातीचं भांडं पालथं ठेवलं होतं आणि ओट्यावर गरम पाण्याच्या पातेल्यात एक बाटली उभी होती.

“कसली तयारी, मावशी?” मी विचारलं.

“गुढीपाडव्याची रे. शुक्रवारवर आलाय. चक्का या भांड्यात निथळवायचा म्हणतेय ही. त्या कुंभाराने हिला दुसरं करून दिलंय. पहिलं भांडं तडकलं ना!”

“पहिलं?”

निवेदिताने समजावून सांगितलं. रोमन तुकड्यावरून तिने अख्खं भांडं बनवून घेतलं होतं. त्यात तिने चार महिने दूध फाडून चीज निथळवलं. मग ते तडकलं. तेव्हा तिने त्याचाच एक तुकडा कानशीने घासून हुबेहूब अस्सल तुकड्याच्या आकाराचा केला, म्हणजे प्रदर्शनात मुलांना हाताळायला देता येईल.

“आणि अस्सल कसा दिसतो?” संपदाने विचारलं.

निवेदिताने फोनवर फोटो दाखवला. लालसर, स्वच्छ, आताच धुऊन वाळवल्यासारखा तुकडा. “उत्खननात सापडल्यावर धुतलेलाच होता. शिवाय या देशात यायचं म्हणजे मातीचा कणही चालत नाही. संग्रहालयाने पुन्हा घासून पाठवला.”

खिडकीत एक तुळस होती. चांगली हातभर वाढलेली. इथल्या थंडीत तुळस जगवणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. आमच्याकडे तीन मेल्या.

“कसली छान आहे हो!” मी म्हणालो.

“चौथी आहे ही. आधीच्या तिन्ही हिवाळ्यात गेल्या. हिने दोन हिवाळे काढले.” मावशींचा चेहरा फुलला. “मागे जरा मलूल झाली होती, पाणी तुंबायचं तळाशी. मोठ्या कुंडीत लावली तेव्हापासून बघ कशी हसतेय. तुळशीपायी मी मुलाकडे राहायलाही जात नाही, तो चिडतो.”

संपदा ऐकत होती की नव्हती, कोण जाणे. तिने निवेदिताला विचारलं, “तुझं वाईट व्हावं असं कुणाला वाटेल?”

निवेदिताने नाइलाजाने तीन नावं सांगितली. लॅबमधला वेदांत, कारण त्याच कॉन्ट्रॅक्टसाठी त्यानेही अर्ज केला होता आणि भोक त्यानेच पाडलं होतं. ते रापा नावाच्या गावातल्या डेअरीत काम करणारा सुशील, कारण त्याने भर सभेत तिच्या सिद्धांताची टर उडवली होती. आणि मराठी मंडळाच्या सेक्रेटरी सुचित्राताई, कारण बॉटनी डाउन्सच्या लायब्ररीत झालेल्या प्रदर्शनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

“सुचित्राताई आणि तुझं वाईट?” मी चकित झालो.

“त्यांनी त्या दिवशी नारळाच्या वड्या आणल्या होत्या,” निवेदिता रडवेल्या आवाजात म्हणाली.

३

वेदांत आम्हाला विद्यापीठाच्या बाहेर बाकावर भेटला. त्याने टोपी काढली आणि माझा पहिला संशय तिथेच मावळला. डोक्यावर एक केस नव्हता.

“किया ओरा,” त्याने इथला माओरी नमस्कार केला. “खोबरेलासाठी आलात ना? बघून घ्या,” तो टाळूवर हात फिरवत म्हणाला. “मी हातमोजे घालतो, ड्रिल दर वेळी साफ करतो. आधी कोऱ्या विटेला भोक पाडून बघतो, म्हणजे ड्रिलला काही लागलंय का ते कळतं. ते एकदम स्वच्छ आलं. तुकड्याचा वरचा थर मी खरवडून टाकला होता. भुकटी आतली आहे.”

“म्हणजे तेल वरवर नाही?”

“नाही ना! अगदी आतपर्यंत. तेच कळत नाहीये मला.”

“तू अस्सल तुकडा आधी पाहिला होतास?”

“कधीच नाही. ती तो कुणाला दाखवतच नव्हती. मला फॉइलमध्ये गुंडाळलेला मिळाला. मी काम केलं, परत गुंडाळला, सील केलं. तो विनाकारण उघडायचा नाही हा आमचा नियम आहे, नाहीतर आणखी काही लागतं.”

“कॉन्ट्रॅक्ट तिला मिळालं तर तुला राग येईल?”

वेदांतने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “येईल की. पण ती माझ्यापेक्षा बरी आहे या कामात. हे तिला सांगू नका.”

नंतर सुशीलला फोन लावला. तो चीज बनवण्यात तज्ज्ञ. बोलायला लागला की थांबत नाही.

“मी अजूनही म्हणतो, ते भांडं मध गाळायचं असेल! भोकं दिसली की चीज, असं कसं? पण तुकडा मी खराब करणार? बाईसाहेब, मला वादात हरायचं असेल तर पुराव्याने हरायचंय. पुरावाच नासला तर मजा काय उरली?”

“तुम्ही प्रदर्शनात तुकडा हातात घेतला होता. हाताला क्रीम लावता?”

“लावतो. नारळाचंच आहे. पण मी घेतला तो नकली, मुलांसाठी ठेवलेला. आणि एक सांगू? हाताचं तेल भाजलेल्या मातीत असं आतपर्यंत जात नाही. तेल पातळ असावं लागतं आणि भांडं गरम. इथल्या थंडीत खोबरेल बाटलीतून बाहेर येत नाही, मातीत कसलं शिरतंय!”

फोन ठेवून संपदाने गाडीत बसून पट्टा लावला. मला भूक लागली होती. मी तसं म्हणालो.

“आता सुचित्राताई,” ती म्हणाली. “तिथे मिळेल.”

सुचित्राताईंचं घर म्हणजे आरसा. चपला कुठे काढायच्या त्याची चटई वेगळी, ओल्या छत्रीची वेगळी. चहा आला, वड्या आल्या. मी खाल्ल्या. उत्तम होत्या, खोबऱ्याच्या असल्या तरी.

“मी कशाला करू गं तसलं काही?” सुचित्राताई दुखावल्या होत्या. “उलट शेवटची सगळी आवराआवर मी केली. निवेदिताला इंग्लंडहून फोन आला, ती बाहेर पळाली. अस्सल तुकडा मी स्वतः फॉइलमध्ये गुंडाळून पेटीत ठेवला.”

संपदाने कप खाली ठेवला. “तुम्ही? पण तो तर पेटीबाहेर निघालाच नव्हता.”

“नव्हता कसा! लायब्ररीच्या फोटोसाठी निवेदितानेच काढला होता. ट्रेमध्ये दोन्ही शेजारी शेजारी होते.”

४

संध्याकाळी निवेदिता आमच्या सोफ्यावर बसली होती आणि तिची मान खाली होती.

“मला लाज वाटली, ताई. दुसऱ्यांना नियम शिकवते आणि स्वतः एका फोटोसाठी पेटी उघडली. पण हातमोजे होते! दोन मिनिटांचा प्रश्न होता!”

“मी तुला रागावणार होते, पण तुझ्या खोटेपणामुळे आपण नुसता एक दिवस घालवला. तेवढा चालतो,” संपदा म्हणाली. “आता ऐक. सगळे म्हणतात, अस्सल तुकड्याला तेल लागलं. कुणी लावलं, एवढाच वाद आहे. पण तेल आत मुरलेलं आहे. वेदांत म्हणतो वरचा थर खरवडला होता. सुशील म्हणतो तेल पातळ आणि भांडं गरम असल्याशिवाय ते आत जात नाही. प्रदर्शनात तुकडा गरम करायला कोण बसलं होतं? कुणी नाही. म्हणजे तेल लागलं तेव्हा ते भांडं होतं, तुकडा नव्हता.”

“रोमन बाई आणि खोबरेल?” मी म्हणालो.

“रोमन नाही. मालवणी.”

मला एकदम तो गोडसर वास आठवला. ओव्हनमधलं पालथं भांडं. गरम पाण्यात पातळ होत असलेली बाटली.

“नवं मातीचं भांडं आपल्याकडे कुणी तसंच चुलीवर चढवतं का?” संपदा म्हणाली. “आधी पाण्यात भिजवायचं, मग तेल चोळून शेकायचं. शकुमावशींनी आज दुसऱ्या भांड्याला तेच केलं. पहिल्यालाही केलं असणार.”

निवेदिता उठून उभी राहिली. “मी त्यांना सांगितलं होतं, भांड्याला काही लावू नका म्हणून!”

“तू साबण म्हणून सांगितलं असशील, किंवा त्यांनी तसं ऐकलं असेल. तेल लावणं हे त्यांच्या लेखी ‘काही लावणं’ नसतंच. आता सुचित्राताईंना मी विचारलं, तुम्ही पेटीत ठेवला तो तुकडा दिसायला कसा होता? त्या म्हणाल्या, ‘कसा म्हणजे? जुना! डागाळलेला, मळकट, कडा झिजलेल्या.’”

निवेदिताने फोनमधला अस्सल तुकड्याचा फोटो पुन्हा उघडला.

“अस्सल तुकडा धुऊन लखलखीत. नकलीला चार महिन्यांच्या दुधाचे डाग आणि पन्नास मुलांचे हात. ज्या बाईला ओल्या छत्रीची चटई वेगळी लागते, तिला वाटलं, इतक्या शतकांचं म्हणजे मळकंच असणार. तिने मळका तुकडा पेटीत ठेवला आणि स्वच्छ पिशवीत टाकला. पेटी विनाकारण उघडायची नाही हा तुमचा नियम, म्हणून नंतर कुणी पाहिलंच नाही. वेदांतने भोक पाडलं ते नकलीला.”

निवेदिता हसायला लागली, मग रडायला, मग पुन्हा हसायला. “म्हणजे माझी परवानगी शिल्लक आहे! अस्सल तुकड्याला भोक पाडलेलंच नाही!”

“नाही. पण तो आहे कुठे?”

निवेदिताचं हसू गेलं. “पिशवी मी घरी नेली. मावशींना म्हटलं, नकली तुकडा आहे, काम झालंय, फेकून द्या.”

माउंट रॉस्किलची कचऱ्याची गाडी त्यानंतर एकदा येऊन गेली होती.

५

रविवारी सकाळी आधी लॅबमध्ये जाऊन पेटी उघडली. वेदांत होताच. फॉइलमधून मळकट, डागाळलेला तुकडा निघाला. निवेदिताने कानशीच्या खुणा ओळखल्या. संपदाचं बरोबर निघालं, पण त्याचा आनंद मानायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. नकली तुकडा घेऊन आम्ही चौघं शकुमावशींच्या दारात उभे राहिलो.

“मावशी, पहिल्या भांड्याला खोबरेल चोळलं होतंत?” निवेदिताने विचारलं.

“म्हणजे काय! मग त्याशिवाय टिकलं का ते चार महिने?”

“मला सांगितलं नाहीत!”

“त्यात सांगायचं काय? तांदूळ धुतले हे सांगते का मी तुला?”

निवेदिताने डोळे मिटून घेतले. “आणि पिशवीतला तो तुकडा? फेकलात?”

“फेकेन कशी? चांगली भोकाभोकांची खापरी. अशी खापरी या देशात शोधून मिळत नाही.” मावशी खिडकीकडे वळल्या. “तुळशीखाली घातली, कुंडीच्या भोकावर. म्हणून तर पाणी तुंबत नाही आता.”

आम्ही सगळे तुळशीकडे बघायला लागलो. मला तर तिला नमस्कार करावासा वाटला.

निवेदिताने त्यांना सगळं सांगितलं. तो तुकडा रोमन काळातला आहे, परका आहे, उद्या परत जाणार आहे, आणि तो नाही मिळाला तर तिलाही कदाचित परत जावं लागेल. मावशी ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या.

“अगं, पण मी तर नुकतीच लावलीय ती. पुन्हा उपटली आणि गेली म्हणजे? इथला हिवाळा तोंडावर आलाय. आणि आज रविवार. रविवारी मी तुळशीला हात लावत नाही.”

वेदांतने टोपी काढून हातात धरली. मावशींना तुळस म्हणजे घरातलं माणूस होतं आणि निवेदिताही. त्यांना दोघींपैकी एकीला दुखवायला सांगायचं धाडस आमच्यात नव्हतं. निवेदिताच हळूच म्हणाली, “राहू दे, मावशी. मी संग्रहालयाला लिहीन, माझी चूक झाली म्हणून.”

मावशी उठल्या. तुळशीसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, पुटपुटल्या.

“रविवारी तोडायची नसते,” त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. “घर बदलून द्यायला बंदी कुठे आहे? वर्तमानपत्र पसरा. आणि हे बघा, हात फक्त माझा लागेल.”

त्यांनी कुंडी आडवी केली, ठोकली आणि मातीचा अख्खा गोळा अलगद बाहेर काढला. तळाशी तुकडा होता, आणि त्याच्या एका भोकातून एक पांढरं मूळ आरपार गेलं होतं, धाग्याइतकं बारीक.

“कापू नका,” निवेदिता म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. तिचं सगळं त्या तुकड्यावर होतं. “मावशी, तुमची तुळस जाईल.”

“कापतंय कोण! पाणी आण कोमट.”

मावशींनी मुळावर थेंब थेंब पाणी सोडलं, चिमटीत धरलं आणि पोराच्या पायातला काटा काढावा तसं ते मूळ भोकातून मागे घेतलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मूळ शाबूत निघालं. तुकडा निवेदिताच्या हातमोज्यात पडला, आणि ओल्या मातीखाली तोच लालसर रंग दिसला. वेदांत मोठ्याने म्हणाला, “स्वीट ॲज!” म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम झकास’, आणि मावशींनीही मान डोलवली. त्यांना त्याचा अर्थ माहीत होता की नाही, मी विचारलं नाही.

६

निवेदिताने त्याच दुपारी संग्रहालयाला सगळं खरं खरं कळवलं, पेटी उघडल्यासकट. संध्याकाळी तिकडे रविवारची सकाळ उजाडली, तशी तिकडची बाई सुट्टी असूनही उत्तर द्यायला बसली. तिने लिहिलं, जो तुकडा अठराशे वर्षं मातीत राहिला, त्याने आणखी थोडे दिवस चांगल्या झाडाखाली काढले म्हणून आमची तक्रार नाही. नीट साफ करा, ठरल्याप्रमाणे भोक पाडा आणि पाठवा. मात्र मूळ भोकातून गेलेलं असतानाचा फोटो कुणी काढला असेल तर हवा आहे. तो मी काढला होता. आयुष्यात प्रथमच माझ्या फोटोला संग्रहालयातून मागणी आली, आणि मी ही गोष्ट बँकेतल्या सगळ्यांना सांगितली.

वेदांतने त्याच रात्री भोक पाडलं. सोमवारी तुकडा गेला. निकाल शुक्रवारी आला, पाडव्याच्या दिवशी, आम्ही सगळे शकुमावशींच्या घरी जेवायला बसलो असताना. सुचित्राताई वड्या घेऊन आल्या होत्या आणि अजून प्रत्येकाची माफी मागत होत्या. सुशील ते रापाकडून मुद्दाम गाडी हाणत आला होता, भांडायला.

निवेदिताने फोन वाचला आणि म्हणाली, “दूध! गाई-मेंढ्यांसारख्या जनावरांचं. मध नाही, मेण नाही. आणि खोबरेल अजिबात नाही!”

“एका तुकड्यावरून...” सुशीलने सुरुवात केली. मावशींनी त्याच्या वाटीत श्रीखंडाचा दुसरा मोठा डाव घातला. नव्या भांड्यात निथळलेला चक्का होता, घट्ट, एक थेंब पाणी नाही. सुशीलने चव घेतली, पुन्हा घेतली. “भांडं मात्र कामाचं आहे,” तो म्हणाला. निवेदिताने तेवढ्यावर समाधान मानलं.

कॉन्ट्रॅक्टचं पत्र पुढे आलं. त्या दिवशी ते आलेलं नव्हतं, तरी तिचा चेहरा बघून मला वाटलं की आता काळजी नाही.

तुळस खिडकीत होती. दोन पानं पिवळी पडली होती, पण शेंड्याला नवी पालवी दिसत होती. कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचलं होतं. संपदाच्या ते बरोबर लक्षात आलं.

“मावशी, तळाशी आता काय घातलंत?”

“काय घालणार? दगड. पण निथळत नाही गं नीट.”

निवेदिता उठून आत गेली आणि नकली तुकडा घेऊन आली. दुधाचे डाग, मुलांचे हात, वेदांतचं भोक, सगळं त्याच्यावर होतं. “हा चालेल, मावशी? की अस्सलच हवा?”

मावशींनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, नाकाजवळ नेला आणि हसल्या.

“हाच बरा. याला मी तेल लावलंय.”